नव्या अल्बममधलं तिसरं गाणं

माझा मावसभाऊ समीर कॉलेजपासून ज्या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, त्या बँडने गेल्या वर्षी त्याला काढून टाकलं. काल त्यांचा नवा अल्बम आला आणि आम्ही दोघांनी तो त्याच्याच घरी बसून ऐकला.

पहिल्या गाण्यात गायकाचा आवाज इतका गुळगुळीत झालाय, की त्यातली ओळखीची खरखर मला कुठेच सापडली नाही. दुसरं गाणं चहाच्या जाहिरातीत सहज खपेल. मी चिडून बोलत होते, समीरदादा नुसता ऐकत होता.

तिसरं गाणं त्यांचं जुनंच, नव्याने केलेलं. त्यात ड्रमच्या जागी आता यंत्राचा ठोका होता. या लोकांवर मी इतकी वर्षं जीव टाकला!

“बंद करू का रे दादा?”

“राहू दे गं.”

त्याची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. ज्यांना आपण आपलं म्हणतो, ते आपल्याला न विचारता पुढे निघून जातात. माझ्यासारखीला निदान रागावता तरी येतं.

शेवटच्या कडव्याआधी त्याचा हात थांबला. गाणं मात्र थांबलं नाही.

“इथे आम्ही सगळे क्षणभर थांबायचो,” तो म्हणाला.