हार्ड डिस्क तीच आहे ना?

चाकूरच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये माझं टायपिंगचं टेबल आहे. वारसाच्या नोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, कधी नोकरीचा अर्ज, असं सगळं बारा वर्षं मी एकाच कॉम्प्युटरवर टाईप केलं. टेबलावर बाई बसते म्हणून बायका मुद्दाम माझ्याकडं यायच्या. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते बघून बोलायच्या.

गेल्या वर्षी लॅपटॉप घेतला आणि जुना कॉम्प्युटर विकायला काढला. तालुक्याच्या खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर फोटो टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला.

"कॉम्प्युटर अजून हाय का?"

"आहे."

"हार्ड डिस्क तीच आहे ना? बदलली तर न्हाई?"

"तीच आहे."

"मग फॉरमॅट-बिरमॅट मारू नका. हाय तसाच ठिवा. उद्या घिऊन जातो."

फोन ठेवला आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटलं. या माणसानं किंमत विचारली नव्हती. आमच्या भागात माणूस जुनी बादली घेतानासुद्धा चार वेळा परत जायचं नाटक करतो. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. ते शाळेत मास्तर आहेत, त्यांना सगळी माणसं वर्गातल्या पोरांसारखी भोळी वाटतात. ते म्हणाले, "अगं, त्याला आतले फॉण्ट पाहिजे असतील. तुला प्रत्येकात काळंबेरं दिसतं."

असेल बाबा, म्हटलं. पण झोप काही नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. चाळिशीचा, इस्त्रीचे कपडे, बोलायला एकदम अदबशीर. कॉम्प्युटर चालू करून दाखवा म्हणाला. मी चालू केला तर रॅम किती, विंडोज कोणतं, काही नाही. थेट विचारलं, "चार वर्षांमागचं टाईप केलेलं बी असंल ना यात?"

"तुम्हाला कशाला पाहिजे?"

"न्हाई, आपलं सहज. कागदाचे नमुने असले तर कामाला येतेत."

"आज द्यायला जमणार नाही," मी म्हणाले. "माझी कामाची फाईल काढून घ्यायची आहे. परवा या."

त्याचा चेहरा क्षणभर बदलला, मग पुन्हा हसला. "काढून काय घेता ताई, मीच दिली असती पेनड्राइव्हवर." तो गाडीत बसला. गाडीच्या मागच्या काचेवर रेडियमच्या अक्षरांत आडनाव होतं आणि खाली गावाचं नाव, शिरूर अनंतपाळकडलं.

मी टेबलावर बसून ते आडनाव कॉम्प्युटरमध्ये शोधलं. तीन फायली निघाल्या. दोन सातबाऱ्याच्या कामाच्या. तिसरी उघडली आणि ती बाई माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली.

चार वर्षांपूर्वी जीपनं आली होती. भाऊ जमिनीतला वाटा सोडायच्या हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागं लागलेले, हिनं नकार दिलेला, त्यावरून घरात मारहाण झालेली. गाव सोडून नांदेडला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाच्या कामाला अर्ज करायचा होता. अर्जात वसतिगृहाचा पत्ता होता, तिच्या मैत्रिणीच्या घरचा पत्ता होता, तिचा स्वतःचा फोन नंबर होता. प्रिंट हातात घेऊन तिनं विचारलं होतं, "ह्ये तुमच्याजवळ राहतंय का?"

"नाही हो," मी म्हणाले होते. "तुमचा कागद तुमच्याजवळ."

मी खोटं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. पुढच्या गिऱ्हाइकाची घाई होती, फाईल तशीच राहिली. बारा वर्षांत एकही फाईल मी पुसली नव्हती.

अर्जातला नंबर लावला.

"कोण बोलतंय?" आवाज सावध होता. मी ओळख सांगितली. तिनं लगेच विचारलं, "तुम्हाला माझ्या भावानं फोन करायला लावलंय का?"

"नाही. पण एक माणूस माझा कॉम्प्युटर विकत मागतोय." मी गाडीवरचं आडनाव सांगितलं, माणसाचं वर्णन केलं.

"थोरला हाय त्यो. तुमच्याकडं कागद केला ह्ये गावात कुणीतरी सांगितलं असंल." मग अगदी हळू, "ताई, तुम्ही तर म्हणला होता, राहत न्हाई म्हणून."

"आज पुसते," एवढंच म्हणाले.

सगळ्या फायली डिलीट केल्या, पडद्यावरचा कचऱ्याचा डबाही रिकामा केला. तरी समाधान होईना म्हणून सीपीयूचा डबा पिशवीत घालून लातूरला एका दुरुस्तीवाल्याकडं गेले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही नुसती नावं खोडली. माल आतच आहे." एक प्रोग्रॅम चालवला. दहा मिनिटांत पडद्यावर ओळीनं माझ्या गिऱ्हाइकांची नावं परत यायला लागली. त्यात तिचंही होतं.

त्याहून वाईट म्हणजे, आता हा दुरुस्तीवालाही ती नावं वाचत होता. मी स्टूल ओढून त्याच्या खांद्याशी बसले.

"अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहावी लागतील. दोन-तीन तास लागतील. तुम्ही गंजगोलाईच्या बाजारात जाऊन या."

"मी इथंच बसते."

"माझ्यावर भरवसा न्हाई?"

"नाही," मी म्हणाले.

तो हसला, पण रागावला नाही. पडदा माझ्याकडं वळवून ठेवला. काम संपल्यावर तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवायला लावला. यादी रिकामी आली. तरी मी त्याला डिस्क काढून माझ्या हातात द्यायला सांगितली.

ठरल्या दिवशी थोरला आला. डबा टेबलावर होता. "डिस्क नाही यात," मी सांगितलं. "घ्यायचा तर असा घ्या."

तो डब्याकडं बघत राहिला. "मी म्हणलो न्हवतो का, हाय तसाच ठिवा म्हणून?" आवाजातली अदब गेली होती. "घरातली भानगड हाय ताई आमची. तुम्ही मधी पडू नका."

शेजारच्या टेबलावरचे दोघे टायपिंग थांबवून बघायला लागले. मी खुर्चीतून उठले नाही. तो गेला. तिला फोन करून सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली. पंधरा दिवसांनी नंबर लावून पाहिला तर तो बंद होता. तिनं बदलला असेल. माझ्यावर तरी तिनं का विसंबावं?

मग एक दिवस अचानक आठवलं. या कॉम्प्युटरच्या आधीही माझ्याकडं एक होता. सुरुवातीची दोन वर्षं मी त्यावर काम केलं आणि लातूरच्या एका दुकानात तो तसाच देऊन आले, काही न पुसता. मागच्या महिन्यात त्या दुकानाच्या गल्लीत गेले होते. तिथं आता चपलांचं दुकान आहे. मालकाला विचारलं, आधीचा माणूस कुठं गेला. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्हाला कशाला पाहिजे?"