दौलतरावांच्या डब्यातला दुसरा ड्राइव्ह

आदिलाबादच्या कचेरीत दौलतरावांनी बत्तीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं पुन्हा लिहिलं. त्यांचा विभागच नकलांचा. डावीकडे अस्सल कागद, उजवीकडे नक्कल. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ओळीवरून बोट फिरवायचं आणि शेवटी ‘मुकाबला केला, अस्सल बरहुकूम’ असं लिहून सही ठोकायची. अस्सल आणि नक्कल एकाच वेळी समोरासमोर नसतील, तर ती नक्कल नाही, अफवा आहे, असं त्यांचं मत. ते रिटायर झाले तेव्हा खुर्ची कचेरीत राहिली आणि मत घरी आलं. लेकीच्या, अर्पिताच्या लग्नात तीनशे पत्रिका त्यांनी एकेक करून मूळ मजकुराशी ताडून पाहिल्या. शेवटच्या शंभर पत्रिका पाहुण्यांना लग्न होऊन गेल्यावर पोचल्या, पण एकीतही काना-मात्रेची चूक नव्हती.

अशा माणसाच्या हातात त्या रविवारी सकाळी मनकर्णाबाईंनी एक सीडी ठेवली. सीडीच्या भोकात अजून सुतळी अडकलेली होती.

“हे कुठली?”

“तामसीची. आपल्या चंपतदादाच्या ज्वारीत टांगून होती. चमक पाहून पोपटं भेवतेत म्हने.” मनकर्णाबाईंनी पदरानं सीडी पुसली. “माह्या मायचा आवाज हाय यात. अन् माहा सख्खा भाऊ त्यानं पाखरं हाकलून राह्यला!”

वीसेक वर्षांपूर्वी कोणी कॉलेजातल्या बाई जात्यावरच्या ओव्या गोळा करत तामसीला आल्या होत्या. त्यांनी मनकर्णाबाईंच्या आईचा, रुक्माबाईंचा गळा टिपून घेतला आणि एक सीडी घरी पाठवली. घरात ती लावायला काही नव्हतं, म्हणून ती पेटीत गेली. रुक्माबाई गेल्या आणि सीडी शेतात आली. काल बहिणीनं मागितली तोवर ती बुजगावणं होती. मागितल्याबरोबर चंपतरावांना आई आठवली. “मायची निशानी हाय, मनू. घराबाहेर राहू देनार नाई. उद्या आदिलाबादले माहं काम हाय, पाच वाजता घेऊन जाईन.”

म्हणजे हाताशी एक दिवस.

अर्पितानं फोनवर तोड सांगितली. “बाबा, दुकानात जा, पेन ड्राइव्हमधे टाकून घ्या. पाच मिनिटाचं काम हाय.”

“स्टँपपेपरची नक्कल पत्रावळीवर करतेत काय? सीडीची नक्कल सीडीवरच. अन् दोघी एका टायमाले आत पाहिजेत. नाईतं मुकाबला कसा होईन?”

अर्पिता त्यांचीच लेक. तिनं वाद घातला नाही, फोन ठेवला.

दौलतरावांचा कॉम्प्युटर कचेरीच्या लिलावातला. एके काळी पांढरा होता, आता पिठल्याच्या रंगाला आला होता. वर मनकर्णाबाईंनी विणलेला रुमाल, रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. त्याला सीडीचा ड्राइव्ह एकच, तोही वाचणारा. लिहिणं त्याला येत नव्हतं. पण वरच्या बाजूला दुसऱ्या ड्राइव्हची जागा रिकामी ठेवलेली होती. मंजूर झालेली पण कधी न भरलेली जागा दौलतरावांना लगेच ओळखू आली.

स्टेशनजवळ कुलदीपचं रिपेअरीचं दुकान. त्यानं भंगारातून एक लिहिणारा ड्राइव्ह उपसला, फुंकर मारली, दोन कोऱ्या सीड्या शोधल्या.

“मीच येतो ना काका, बसवून देतो.”

“मले हात नाईत काय? तू फक्त सांग.”

“मंग ऐका. दोन्ही ड्राइव्ह एकाच पट्टीवर, म्हंजे या चपट्या वायरवर, बसतेत. ड्राइव्हच्या मागं तांदळाच्या दान्याएवढी टोपी हाय, तिले जंपर म्हनतेत. एकाची टोपी मास्टरवर ठेवा, दुसऱ्याची स्लेववर. एक मालक, एक गुलाम.”

दौलतरावांचा पिशवीकडे गेलेला हात थांबला.

“कुलदीप, तुह्या भिंतीवर फोटो कोनाचा हाय?”

कुलदीपनं वर पाहिलं. हार सकाळीच घातलेला. “बाबासाहेबांचा.”

“त्याच्याखाली बसून तू मले सांगून राह्यला का घरात गुलाम ठेव?”

“काका, प्लॅस्टिक हाय ते!”

“प्लॅस्टिकपासूनच सुरू होते.”

घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ अशी की कचेरीची आठवण यावी. पुढची झाकणी निघाली, ड्राइव्ह सरकत आत गेला, चार स्क्रू बसले. मनकर्णाबाई एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात स्क्रूंची बशी धरून उभ्या होत्या. दौलतरावांनी भिंग लावून दोन्ही टोप्या मास्टरवर बसवल्या.

“दोघंबी मालक,” ते म्हणाले. “या घरात गुलाम नाई. मनकर्णा, चाय टाक.”

“हे चौथी हाय सकाळपासून. गुलाम नको म्हन्ता ना तुमी?”

“ते वेगळं, हे वेगळं.”

“हाव, माह्या मागं टोपी नाई ना.”

चहा आला. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि थांबली. कॉम्प्युटरच्या म्हणण्याप्रमाणे घरात एकही सीडी ड्राइव्ह नव्हता. नवा दिसला नाहीच, जुनाही गेला. दौलतरावांनी हे दृश्य पूर्वी पाहिलेलं होतं. एकदा कचेरीत दोन साहेब एकाच खुर्चीवर बदलून आले होते, तेव्हा तीन महिने एक कागद हलला नव्हता.

त्यांनी पट्टी काढून लावली, डब्यावर थाप मारली, पुन्हा बटण दाबलं. नाही. दोन वाजले.

“एकाची टोपी हलवा,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

“तत्त्वाचा प्रश्न हाय.”

मनकर्णाबाईंनी बशी खाली ठेवली. “माह्यापाशी मायचा फोटोबी नाई. तवा कोन काढत होतं फोटो, दुसऱ्याच्या वावरात निंदाले जानाऱ्या बाईचा? एक आवाज हाय. पाच वाजता दादा घेऊन जाईन, अन् ज्वारी उभी हाय तोवर ते तिथंच लोंबकळंन. तुमचं तत्त्व घ्या अन् त्याले सुतळी बांधा.”

आणि कुलदीपला फोन त्यांनीच लावला.

कुलदीप वेगळी पट्टी घेऊन मोटरसायकलवर आला. दोन मिनिटं त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “काका, टोप्यांले तिसरी जागा हाय. केबल सिलेक्ट. दोघांच्या टोप्या एकाच ठिकानी. कोनी मालक नाई, कोनी गुलाम नाई.”

“मंग हे पह्यले काऊन नाई सांगितलं? हे तं संविधानच हाय!”

कुलदीपनं एक गोष्ट तेव्हाही सांगितली नाही. नव्या पट्टीत शेवटच्या टोकाला बसेल तो आपोआप मालक आणि मधल्या टोकाला बसेल तो गुलाम, हे पट्टी आपलं आपण ठरवतच होती. पण वर कुठं तसं लिहिलेलं नव्हतं. एवढ्यावर सगळ्या देशाचं भागतं, दौलतरावांचंही भागलं.

यावेळी पडद्यावर दोन नावं आली. खालच्या ड्राइव्हमध्ये रुक्माबाई गेल्या, वरच्यात कोरी सीडी. डबा घरघरला. मधे मधे अडखळे, श्वास लागल्यासारखा थांबे. ज्वारीतल्या उन्हावाऱ्यानं सीडीवर ओरखडे पडले होते. मनकर्णाबाई डब्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, ताप पाहावा तशा. चाळीस मिनिटांनी वरचा खण बाहेर आला.

“झालं,” कुलदीप म्हणाला. “निघतो मी.”

“झालं कसं? मुकाबला राह्यला.”

जुन्या ड्राइव्हच्या तोंडावर हेडफोनचं भोक होतं. अस्सल सीडी मनकर्णाबाईंच्या कानात, नक्कल स्पीकरवर. दौलतरावांनी ऐकलेलं मोठ्यानं म्हणत कागदावर उतरवायचं आणि मनकर्णाबाईंनी मान हलवायची. पहिली ओवी बुद्धाला, दुसरी बाबासाहेबांना. जात्याची घरघर, बांगड्या, रुक्माबाईंचा चरचरीत आवाज. मनकर्णाबाईंचे डोळे मिटले, पण मान बरोबर हलत होती. पंधरा ओव्या झाल्या. सोळावीला दौलतरावांचं पेन थांबलं.

“थांबले काऊन?” मनकर्णाबाई हेडफोनमुळे ओरडूनच बोलत होत्या. “पुढं हाय ना.”

“आवाज साफ नाई.”

“माह्याकडं तं ठनठनीत येऊन राह्यला!” आणि त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं. त्यांना पाठ होतं.

*“माझा गं जवाई, कचेरीत कारकून,*
*चहा मागतो बसून, लेक देते वाकून.”*

“हे सोडून देऊ,” दौलतराव म्हणाले. त्यांनी बोटानं ओळ खोडल्याची खूण करून दाखवली.

मनकर्णाबाईंनी एका कानावरचा हेडफोन उचलला. “बत्तीस वर्षांत कोनाच्या नकलेत ओळ गाळली काय तुमी?”

नव्हती गाळली. पाटलानं दम दिला तेव्हा नाही, साहेबानं डोळा मारला तेव्हा नाही. दौलतरावांनी पेन झटकलं. ओवी लिहिली, ‘वाकून’मधल्या दीर्घ ऊकारासकट. उरलेल्या चार ओव्या उतरवल्या आणि खाली लिहिलं, ‘मुकाबला केला, अस्सल बरहुकूम.’ सही केली, तारीख टाकली.

पाच वाजता चंपतराव आले. “जयभीम, भाऊजी. बस सुटाची हाय, पन एक चाय होऊन जाऊ द्या.”

“मनकर्णा, चा…” दौलतरावांचं तोंड सवयीनं उघडलं. समोर कागद होता, सहीची शाई अजून ओली. शब्द अर्धाच सोडून ते उठले आणि आत स्वयंपाकघरात गेले. चंपतराव बघत राहिले.

आत सात डबे एका रांगेत, सारख्याच आकाराचे. एकावरही चिठ्ठी नाही.

“मनकर्णा! साखर कोनत्या डब्यात हाय?”

मनकर्णाबाईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी ओव्या पहिल्यापासून लावल्या होत्या आणि त्या दोन्ही कानांवर हेडफोन घट्ट धरून बसल्या होत्या. आत एकामागून एक झाकणं उघडल्याचा आवाज येत होता. तिसऱ्या डब्यात बेसन निघालं.