किल्लीआधीचं दूध

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल, माफ करा. शाळा चौथीपर्यंतच झाली. आज स्वयंपाकघरात करपलेल्या दुधाचा वास भरलाय आणि बंगळूरजवळच्या येलहंकातली ती खोली आठवते आहे. साड्यांना गोंडे लावायच्या कामासाठी मी पहिल्यांदाच जागा घेत होते. मुलगी तिला स्टुडिओ म्हणायची. ॲडव्हान्ससाठी नणंदेकडून पैसे उसने आणले होते. घरमालकीण अक्का इथल्याच जुन्या मराठी. त्या म्हणाल्या, “नव्या जागेत आधी दूध उतू जाऊ दे, शुभ असतं, मग किल्ली.” नव्या चुन्याच्या वासात आम्ही दोघी शेगडीपाशी उभ्या राहिलो. दूध वर आलं आणि माझ्या हाताने सवयीने गॅस बंद केला. “अय्यो! काय केलंस ग हे?” अक्कांनी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. “घरी थेंब सांडू देत नाही हो अक्का, हात आपोआप गेला,” एवढंच कसंबसं बोलले. त्या म्हणाल्या, “सरी, बरं, पुन्हा पेटव. आणि हात पाठीमागे धर!” साय धरलेलं दूध काही केल्या वर येईना. मी बोटं आवळून उभी होते. शेवटी ते फसफसत शेगडीवर सांडलं आणि अक्कांनी पदराची गाठ सोडली. काल नणंदेचे पैसे पूर्ण फिटले, म्हणून आज सकाळी मी दूध ठेवलं आणि हात पाठीमागे धरले.