भाऊजींची दाढ

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरले दीर दातांचे डॉक्टर, तीही दातांचीच. लग्नानंतर ती त्यांच्या दवाखान्यात बसायला लागली. भाऊजींचा हात भलता चपळ. दात कोरला, चिकटवायचा द्रव फासला, मसाला भरला, निळा दिवा दाखवला, चला पुढचा! ती मात्र दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून आधी लाळ अडवायची, द्रव निवांत घासून मुरवायची, मसाल्याचा एकेक थर देऊन दिव्याने घट्ट करायची.

"अगं, दात भरतेयस की धरण बांधतेयस?" भाऊजी हसायचे.

एक दिवस शाळेतल्या एक बाई गाल सुजवून आल्या. भरलेल्या दाढेच्या कडेला फट पडून कीड मुळापर्यंत गेली होती. दाढ भाऊजींनीच भरलेली. पण बाकांवर बसलेल्या सगळ्यांच्या देखत ते म्हणाले, "काय करणार बाई, हे आमच्या धाकटीचं काम. शिकतेय अजून."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंतर तिने जाब विचारला, तर म्हणाले, "घरात कुणी कुणाचं नाव पुढे केलं तर बिघडलं कुठे?" नवऱ्याची अडकित्त्यातली सुपारी झाली. सासूबाई म्हणाल्या, "घरचं भांडण चव्हाट्यावर नको हं."

तिने दवाखानाच चव्हाट्यावर थाटला, भाऊजींच्या बरोब्बर समोर. त्यांचे पेशंट तिच्याकडे आले की ती हातात आरसा द्यायची. "ही तपकिरी रेघ दिसतेय? इथून लाळ आत झिरपतेय. कुणी भरला हा दात?" आ वासलेल्या तोंडाने पेशंट भाऊजींचं नाव घ्यायचा. ऐकू आलं तरी ती विचारायची, "कोण म्हणालात?"

हळूहळू समोरचे बाक ओस पडले. आणि मग भाऊजी स्वतःच आले, गालाला हात लावून. त्यांच्याच एका मित्राने घाईत भरलेली दाढ कडेने सुटली होती.

तिने दाढ बधिर केली, पडदा ताणला. तोंडावर रबर बसलं की माणसाला बोलता येत नाही.

"त्या बाईंची दाढ काढावी लागली, भाऊजी. अजून मला बघून त्या रस्ता बदलतात. हलू नका, लाळ लागली तर जोड टिकायचा नाही."

थोडी हयगय केली असती तर वर्ष-दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नसता. पण तिला ही दाढ टिकायलाच हवी होती. भाऊजींनी मरेपर्यंत याच दाढेने चावावं, आणि प्रत्येक घासाला त्यांना धाकटी आठवावी! तिने प्रत्येक थर जीव ओतून बसवला. डोळ्यांत दया औषधालाही नव्हती.

पडदा काढताच तिने फोन पुढे केला. "बाईंना सांगा."

"आत्ता? ओठ बधिर आहे गं."

"खोटं बोलताना नव्हता."

"बाई, ती दाढ... मी भरली होती. धाकटीने नाही," ते बोबडं बोलले. हनुवटीवरून लाळ ओघळली. शेवटचा शब्द बाहेर पडेपर्यंत तिने रुमाल दिला नाही.

रविवारी सासूबाईंनी दोन्ही घरांना जेवायला बोलावलं.

"आता मिटलं ना सगळं?" नवऱ्याने विचारलं.

"दाढेचं मिटलं," ती म्हणाली, आणि त्याला एकट्यालाच धाडलं.