दुसरी कढई

मोताळ्याच्या आठवडी बाजारात भजी तळणाऱ्या मावशींचं नाव मला अजून माहीत नाही. त्या मला ‘कॉलेजवाली’ म्हणतात. पीठ भिजवताना त्यांची नजर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्यांवर असते. पिशव्या भरलेल्या दिसल्या की त्या पीठ वाढवतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. म्हणून वर्गात ऐकलेली बातमी मी एकदा त्यांना उत्साहानं सांगितली. “मावशी, सरकारनं बाहेरच्या तेलावरचा आयात कर कमी केला. आता तेल स्वस्त होईन, तुमचा फायदा वाढन.”

त्यांनी दोनपैकी एक कढई उतरवली आणि मागे पालथी ठेवली.

“काऊन मावशी?”

“बाहेरचं तेल स्वस्तात आलं त आपल्या सोयाबीनचा भाव पडन. माह्याकडं भजे खाणारे सारे सोयाबीनवालेच. तुह्या पुस्तकात गिऱ्हाईक नाही का वं?”

पुस्तकात गिऱ्हाईक होतं, पण वेगळ्या धड्यात. पुढचे कितीतरी बाजार त्या एका कढईवरच भागलं, आणि तीही दुपारनंतर थंड पडायची.

मग तो कर पुन्हा वाढला. त्यांना तेल महाग पडणार, म्हणून मी चाचरतच सांगितलं.

मावशी पदराला हात पुसत हसल्या.

“अवं, मंग तोंड पाडून काय सांगतं? थे दुसरी कढई दे इकडं. अन् पुढच्या बाजारी लवकर येजो, गर्दी राहीन.”