रुखवतातल्या इंग्रजी कॅसेट

लग्न करून दौंडला सासरी पाय ठेवला आणि तासाभरात माझ्या कॅसेट्स बुंदीच्या लाडवांबरोबर पाहुण्यांना वाटल्या गेल्या... खोटं नाही सांगत.

सध्या जो तो आवडते अल्बम सांगतोय, मलाही मैत्रिणींनी टॅग केलंय. त्यावर एका शहाण्याची कमेंट, 'गावाकडं कुठलं हो रॉक-बिक?' थांब बाबा, सांगतेच आता.

माझं माहेर शिरूर. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. पुण्यात शिकणारी मैत्रीण ओरिजिनल कॅसेट आणायची आणि मी स्टँडजवळच्या दुकानातून कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायचे. दुकानदाराला इंग्रजी नावं लिहायचा कंटाळा, त्यामुळे लेबलवर नुसतं 'इंग्रजी – जोरात', 'इंग्रजी – एकटा', 'इंग्रजी – बाई'... खरी नावं कमेंटमध्ये देईन, पण माझ्यासाठी हीच खरी.

लग्न ठरल्यावर आईनं रुखवताचा घाट घातला. लोकरीचा ससा, मण्यांचं तोरण... मुलीच्या हातचं काहीतरी टेबलावर मांडायचं असतं ना. मला यातलं काही येत नाही, आणि शेजारणीनं केलेला ससा माझा म्हणून मांडायला मी काही तयार नव्हते. सरळ माझ्या तिन्ही कॅसेट्स मांडल्या. आई म्हणाली, लोक नावं ठेवतील. म्हटलं, ठेवू देत.

नावं ठेवली असती तर परवडलं असतं. आमच्याकडे रुखवतातला खाऊ नवऱ्याकडची माणसं घरी नेऊन भावकीत वाटतात. माझी धाकटी नणंद शैला करवली होती, तिनं लाडू वाटताना सोबत एकेक कॅसेटही देऊन टाकली... तिला वाटलं, हेही वाटायचंच आहे! मी आत पूजेला बसलेले. कळलं तोवर पाहुणे आपापल्या गाडीला लागलेले.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या रुखवतातलं परत मागत नसतात. नवरा म्हणाला, जाऊ दे ना. हे 'जाऊ दे' माझ्या डोक्यात गेलं. घर बदललं, आडनाव बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून हाक मारायचं नावसुद्धा बदललं... माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. तेही जाऊ देऊ? मुळीच नाही!

'जोरात' सापडला यवतला, चुलत सासरे आप्पांच्या धाब्यावर. ड्रम्स आणि गिटार असे की टेबलावरचे ग्लास थरथरतात. डोकं फिरलेलं असताना ऐकावा तर हाच, पहिल्या गाण्यापासून शेवटापर्यंत कुठेही माघार नाही. आप्पा तो दुपारच्या गर्दीत मुद्दाम लावायचे. "गिऱ्हाईक पटापटा जेवतंय आन् टेबल मोकळं हुतंय," म्हणे.

मागितला तर डोळे वटारले. "सूनबाई, रुखवतातलं परत मागत्यात व्हय?" म्हटलं, "लाडू नाही मागत आप्पा, तो तुम्ही खाल्लात. कॅसेट माझी आहे." सगळा धाबा बघत होता. दिली त्यांनी... कुरकुरत, पण दिली.

'एकटा' पाबळला, मावससासूंकडे. एक माणूस, एक गिटार, मधेच माउथऑर्गन. आवाज काही फार गोड नाही, पण शेजारी बसून बोलल्यासारखा गातो. मावशींनी साइड ए वर नातवाच्या बारशाचा पाळणा भरून ठेवलेला! असा संताप आला म्हणून सांगू... तरी उचलून आणली. साइड बी शाबूत होती. तुम्हाला आख्खा मिळेल, निवांत ऐका.

एव्हाना भावकीत मी 'कॅसेटवाली सून' झाले होते. झाले तर झाले.

राहिली 'बाई'. सगळ्यात लाडकी. स्वतःच लिहिलेली गाणी, स्वतःच वाजवलेली गिटार, आणि ऐकणाऱ्याला आवडावं म्हणून कसलीही धडपड नाही. एकच ऐकणार असाल तर ही ऐका... पण तिचा पत्ताच लागेना. कुणाला दिली ते शैलाला आठवत नव्हतं.

एकदा बाजारातून लवकर घरी आले, तर आतल्या खोलीतून तोच आवाज. शैला टेपरेकॉर्डरला कान लावून बसलेली. म्हणजे ही कॅसेट घराबाहेर गेलीच नव्हती! मी हात पुढे केला. मागून आत्या आल्या आणि ओरडल्या, "दे तिची तिला! चोरी करती व्हय गं?"

शैलानं कॅसेट काढली आणि पाठीमागे धरली. त्या आठवड्यात तिला बघायला पाहुणे यायचे होते, तिला न विचारताच ठरलेलं. घरात कधी वर मान करून न बोललेली ती पोरगी म्हणाली, "न्हाई देत, वहिनी. मला शब्द न्हाई कळत, पर ही बाई कुणापुढं नमत न्हाई, येवढं कळतंय. आन् आई, त्या पाहुण्यांना नगं म्हणून सांग. मला कॉलेज पुरं करायचंय."

आत्या माझ्याकडे बघायला लागल्या, मीच पढवलं असल्यासारख्या. मी हात मागे घेतला आणि शैलाच्या बाजूला जाऊन उभी राहिले. त्या दिवशी घरात खूप आरडाओरडा झाला. आम्ही दोघी हललो नाही.

पाहुणे आले नाहीत. शैलानं कॉलेज पूर्ण केलं आणि लग्न पुढं आपल्या मनानं केलं.

कॅसेट अजून तिच्याकडेच आहे. टेप ताणली गेलीय, लावायला यंत्र नाही, तरी दर दिवाळीला मी तिच्याकडे मागते. ती तोंडावर "न्हाई देत" म्हणते... तेवढं ऐकायलाच मागते मी.