अंबाडी, काच आणि काळी पूड

आमच्या कॉलेजात डॉक्टरेट मिळवलेली माणसं अकरा आहेत, आणि अंबाडीचा धागा न तोडता सोलून काढणारा माणूस एकच. नागोराव वाघमारे. हजेरीपटावर त्यांचा हुद्दा लॅब अटेंडंट, म्हणजे प्राचार्य यायच्या आत पंखे चालू करणारा. राहणारे बाजारहत्नूरचे. वडील दोर वळायचे. अंबाडी किती दिवस पाण्यात कुजवायची आणि कधी उपसायची, हे नागोभाऊ नुसत्या वासावरून सांगतात. मी पूनम, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, मेकॅनिकलची प्राध्यापिका. मला तेच सांगायला पुस्तक उघडावं लागायचं, आणि बरेचदा पुस्तकच चुकलेलं असायचं.

माझं संशोधन होतं पत्र्याचं, पण लोखंडाच्या नव्हे. अंबाडीचा धागा आणि काचेच्या धाग्याचं कापड यांचे थर एकावर एक लावायचे, राळेत भिजवायचे आणि दाबून वाळवायचे. अंबाडी हलकी पण लवकर तुटणारी, काच दणकट पण जड. दोघींची सोयरीक जुळवायची आणि राळेत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची पूड मिसळायची. दिसायला ती निव्वळ काजळी. पण ती धागा आणि राळ यांची पकड घट्ट करते.

पत्रे चार प्रकारचे. 'ए'मध्ये पूड नाही. बी, सी, डीमध्ये चढत्या प्रमाणात. शंभर ग्रॅम राळेला बीमध्ये ग्रॅमाचा तिसरा हिस्सासुद्धा नाही, डीमध्ये पुरा एक ग्रॅम. नागोभाऊ तोंडाला मास्क बांधून, माझी चिठ्ठी बघून पूड तोलायचे, थर लावायचे, हाताच्या रोलरनं हवेचा बुडबुडा न बुडबुडा काढायचे. दोन वर्षांत त्यांनी असे दीडशेवर पत्रे केले. वाळले की कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून हैदराबादला पाठवायचे. तिथलं यंत्र ते ओढून आणि वाकवून तोडायचं. कोणता किती ताण सोसून तुटला याचे आकडे माझ्या मेलवर यायचे, इंग्रजीत. माझा लेख छापून आला, तेव्हा शेवटच्या आभाराच्या ओळीत मी नागोभाऊंचं नाव घातलं. त्यांना बोलावून दाखवलंही. त्यांनी आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि मला पेढा दिला. फार मोठं काम केलं असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

त्यांची बायको रुख्मिणीबाई गावच्या अंगणवाडीत आया. आठ वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली उजवा पाय गेला, गुडघा तेवढा वाचला. शिबिरात मिळालेला पाय जड होता. मांडीला पट्टे काचायचे, पाय जिथे बसवायचा त्या वाटीत उरलेल्या खुंटाला फोड यायचे, त्यात बाईंना साखर. घर ते अंगणवाडी दोन गल्ल्यांचं अंतर चालायला त्यांना अर्धा तास लागे. सुपरवायझर मॅडमनी सांगून टाकलं होतं, पावसाळ्यानंतर वेळेवर चालत येणं जमलं तर ठीक, नाहीतर दुसरी बाई बघू.

एक दिवस नागोभाऊ माझ्या टेबलापाशी घुटमळत उभे राहिले.

"मॅडम, थे उरलेली राळ, थोडं काचेचं कापड... घरी नेऊ काय? रुख्मिणीच्या पायाची वाटी हलकी करून पाह्यतो."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. दोन वर्षं मी जे कागदावर मांडत होते ते कुणाच्या तरी अंगाला लागणार होतं! "न्या की. पूडही न्या, बाटलीत आहे ती सगळी," मी म्हणाले. पूड किती घालणार, हे मी विचारलं नाही. पत्रे त्यांनीच तर केले होते. ज्यानं केले त्याला माहीतच असणार, असं मी धरून चालले.

त्यांनी जुन्या वाटीत प्लास्टर ओतून साचा काढला. कॉलेज सुटल्यावर ध्वनिलहरींच्या यंत्रात राळ आणि पूड ढवळून घेतली. अंबाडी घरची होती, बांधावरची. चार रविवार ते त्यात गुंतले होते. वाटी तयार झाली तेव्हा निम्म्याहून हलकी होती, काळीभोर, आणि आतून इतकी गुळगुळीत की मीच दोनदा हात फिरवला.

रुख्मिणीबाई सतरा दिवस चालल्या. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम बाजारहत्नूरला गेले. काठी न घेता त्या गल्लीच्या तोंडापर्यंत मला घ्यायला आल्या होत्या.

"पूनमबाई, आता मी पोराईच्या अगुदर पोचून राह्यली," त्या म्हणाल्या, आणि भर रस्त्यात त्यांनी माझी अलाबला घेतली.

अठराव्या दिवशी अंगणवाडीची पायरी चढताना वाटी मधोमध फुटली. फुटलेली कड गुडघ्यात घुसली. आदिलाबादच्या दवाखान्यात टाके पडले, पण साखरेनं जखम भरू दिली नाही. महिनाभरानं गुडघ्याच्या वर कापावं लागलं. डॉक्टर म्हणाले, या वयात, या वजनात, गुडघा नसताना कृत्रिम पायावर चालणं अवघड आहे, आशा ठेवू नका. अंगणवाडीत नवी बाई आली.

नागोभाऊंनी ती फुटकी वाटी पिशवीत घालून माझ्याकडे आणली. मी तुकडा भिंगाखाली धरला. राळेत काळ्या गाठी होत्या, घाईत कालवलेल्या बेसनात राहतात तशा. गाठींच्या आसपास राळ पोचलीच नव्हती, अंबाडीचा धागा कोरडा राहिला होता. पूड जास्त झाली की ती धाग्याला धरत नाही, आपसातच गोळा होते, राळ घट्ट होते आणि पत्रा तिथून फुटतो. माझ्या लेखाचा सगळा तिसरा भाग यावरच आहे.

"नागोभाऊ, पूड किती घातली होती?"

"डी परमाणं तोलली, मॅडम. अन् मंग वरून आनखी एक चमचा." ते जरा ओशाळले. "आमच्यात घरच्या माणसाले मोजून देत नाई. पायली भरली का वर मूठ टाकाची. रुख्मिणीले मोजून कसं देऊ?"

मला रडू आलं, आणि रागही आला. राग कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी भिंगाचा दिवा उगाच दोनदा बंद-चालू केला. मग सांगितलं. डी सगळ्यांत कच्चा निघाला होता, बिनपुडीच्या 'ए'पेक्षाही कच्चा. सगळ्यांत मजबूत बी.

"बी?" नागोभाऊ म्हणाले. "चिमूटभरवाला?"

"हो."

ते बराच वेळ फुटक्या कडेवरून अंगठा फिरवत बसले. भांडले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी निमूट ऐकल्या असत्या. पण त्यांनी कधी कॉलेजात आवाज चढवलेला नाही, आणि तेव्हाही चढवला नाही.

"मले वाटे, येवढी महाग पूड, जास्त टाकली त जास्तच बळ येत असंन," ते म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "हे तुमाले कवा समजलं, मॅडम?"

खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही.

"दोन वर्षं झाली."

"अस्सं," ते म्हणाले. "कोनी सांगतलं नाई मले."